उपासाच्या दिवसांतले मीटर

त्या रविवारी पहाटे साडेपाचला मी कॉस्मस अंकलच्या दाराची कडी वाजवली ती भांडायला. माझा धाकटा भाऊ नितेश दहा मिनिटांपूर्वी मोटरसायकल काढून गेला होता. कशासाठी गेला ते मला ठाऊक होतं आणि हे सगळं कोणामुळे झालं तेही मला पक्कं ठाऊक होतं. मरोळ गावठाणातल्या त्या बैठ्या घरासमोर उभी राहून मी वाक्यं जुळवत होते. गेली दोन वर्षं जुळवतच होते म्हणा, फक्त बोलायची वेळ आली नव्हती.

कॉस्मस मिस्किटा म्हणजे साकीनाक्याचा मीटरवाला. वय चौसष्ट, उंची बेताची, डाव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग. लेथ आणि वेल्डिंगच्या गाळ्यांच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांची टपरी आहे. तिथे बसून ते पस्तीस वर्षं मोटरसायकलींचे स्पीडोमीटर दुरुस्त करत आलेत. आता नव्या गाड्यांना आकड्यांचे डिजिटल मीटर असतात, ते बिघडले की लोक फेकून नवे आणतात. पण काट्याचे मीटर असलेल्या जुन्या गाड्यांचा शौक आमच्याकडच्या पोरांना भारी. अशा गाडीचा मीटर घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत कुठेही बिघडला तरी पोरं साकीनाक्यालाच येतात. कॉस्मसने बांधलेला मीटर म्हटला की विषय संपला, काटा दाखवेल ते खरं.

आणि तेच खरं नव्हतं.

मीटरच्या आत चाकाबरोबर फिरणारं एक लोहचुंबक असतं, ते काट्याला पुढे ओढतं. केसाएवढी बारीक स्प्रिंग काट्याला मागे धरून ठेवते. ती स्प्रिंग जरा सैल केली की काटा जास्त पळतो आणि गाडी तेवढीच राहते. वीस वर्षांपूर्वी मरोळ बाजारात मासे विकणारी प्रेमा अंकलकडे आली आणि म्हणाली, पोरगा माझं ऐकत नाही, काट्याचं ऐकतो, तर तुम्ही काटाच जरा पुढे ठेवा ना. अंकलनी ठेवला. पोरगा साठ समजून चोपन्नने फिरू लागला आणि खूश राहिला. प्रेमाने ते दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. पोरगा मीटर दुरुस्तीला टाकून गेला की मागोमाग आई भाजीची पिशवी घेऊन जिन्याखाली हजर. काय हवंय ते कोणी बोलत नसे. 'जरा बघा हां भाऊ,' एवढंच. पोरांना वीस वर्षांत पत्ता लागला नाही, आणि आयांची तोंडं अशी बंद की मला तर त्यांचं कौतुकच वाटतं.

दोन वर्षांपूर्वी माझी आईही त्यांच्या टपरीवर गेली. वनमाला तिचं नाव, माहेर मालवणकडचं. मी बरोबर होते. 'कॉस्मसभाऊ, माजो झील तो, जरा बघा,' म्हणाली. मी रस्त्यात तिच्याशी कडाकडा भांडले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी मशीनला आधी ठरलेला नमुना लावून ती खरं सांगते की नाही ते तपासल्याशिवाय आम्ही एका माणसाचं रक्त आत घालत नाही. खोटं रीडिंग म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. मी तिला म्हटलं, त्याला सरळ सांग ना सावकाश चालव म्हणून. ती म्हणाली, सांगितलं की तो आठ दिवस बोलत नाही, जेवताना मान वर करत नाही, मला ते सोसवत नाही. नितेश विमानतळाच्या कार्गोत शिफ्टने काम करतो, निम्मं घर त्याच्यावर चालतं. त्याला दुखवायला आईचा जीव होत नसे. मीटरला दुखवलं तर कोणाचं काय जातंय, असा तिचा हिशेब.

शनिवारी संध्याकाळी या सगळ्याची वाट लागली. नितेशचा दोस्त राजेश घरोघरी जेवण पोचवायचं काम करतो. त्याने हँडलवर फोन बसवून घेतला होता, पत्ता बघायला. नकाशात वेगाचा आकडाही येतो. काटा सत्तरवर आणि फोनवर बासष्ट. त्याने आणखी तीन गाड्या तपासल्या, तिन्ही तशाच, तिन्ही अंकलकडे बांधलेल्या. म्हणजे पोरांनी एवढी वर्षं छाती काढून सांगितलेली शंभरी ही जेमतेम अठ्ठ्याऐंशी निघाली. नितेश जेवायला बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. 'फसवलं आम्हाला म्हाताऱ्याने,' एवढंच तो बोलला. आई ताटाकडे बघत राहिली. मला आतून जरा बरंच वाटत होतं, ते कबूल करते.

पहाटे गाडीला किक मारल्याचा आवाज आला तशी मी दाराशी गेले. कुठे चाललास, विचारलं.

'कोयत्याला,' तो म्हणाला. 'सगळे येतायत. आजपर्यंत काटा सत्तरवर ठेवून वळायचो, ते बासष्टच होतं ताई. आज काटा ऐंशीवर ठेवणार. म्हणजे खरे सत्तर. उजाडलं की सुरू.'

कोयता म्हणजे लिंक रोडवर पूल उतरल्यावर येणारं एक वळण. आधी मोठं वाटतं आणि मध्येच आवळत जातं, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. सिमेंटचे डंपर तिथेच वळतात, बारीक खडी सांडलेली असते. गेल्या वर्षी तिथे एकाची खांद्याची हाडं मोडली. मी गाडीसमोर उभी राहायला हवं होतं. मी नुसती 'नितेश' म्हणाले, तोवर तो गेला.

तर मी कडी वाजवली आणि दार त्यांच्या बायकोने, सेराफिना आंटीने उघडलं. चर्चला जायची साडी नेसून तयार होती. अंकल पलंगावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. ईस्टरआधीच्या त्यांच्या चाळीस दिवसांच्या उपासाचा तो शेवटचा रविवार, झावळ्यांचा, आणि पहिल्या मिस्साला, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेला, ते कधी चुकत नाहीत.

मी आत शिरले आणि सुरूच झाले. पोरांना कळलंय. चार गाड्या फोनवर तपासल्यायत. आता सगळे चिडून कोयत्याला गेलेत, प्रत्येक जण काट्यावर दहा चढवून वळणार आहे. तुम्ही खोटं सांगितलंत म्हणून हे झालं. आईला मी तेव्हाच म्हटलं होतं.

अंकलनी मान वर केली. 'नितेश किती लावणार?'

'काटा ऐंशी. म्हणजे खरे सत्तर.'

त्यांच्या हातातली नाडी सुटली. 'नाही गो बाय,' ते म्हणाले. 'ऐंशी म्हणजे ऐंशी. नितेशचा मीटर खरा आहे.'

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना ते स्कूटरची चावी शोधत होते, ती समोर खिळ्यालाच होती तरी त्यांना दिसत नव्हती. उपास सुरू होण्याआधी ते चर्चमध्ये कबुलीला गेले होते. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फादरना मीटरचं सांगितलं. फादर म्हणाले, भल्यासाठी सांगितलं तरी खोटं ते खोटं. अंकलना ते लागलं. या चाळीस दिवसांत मटण सोडायचंच आहे, तर खोटंही सोडू, असं त्यांनी ठरवलं. उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून टपरीवर आलेला प्रत्येक मीटर त्यांनी अगदी काट्यावर काटा खरा बांधला. कंपनीसुद्धा दोन-चार जास्त दाखवते, त्यांनी तेवढेही ठेवले नाहीत. नितेशच्या मीटरमध्ये गाडी धुताना पाणी शिरलं होतं, तो पंधरा दिवसांपूर्वी आला होता.

'आणि सांगितलं नाहीत कोणाला?'

'काय सांगणार? आधी खोटा होता, आता खरा केला? आधीचं कबूल केल्याशिवाय हे कसं सांगायचं?'

तेव्हा मला आठवलं, गेले पंधरा दिवस नितेश म्हणत होता, गाडी उडतेय ताई, मीटर दुरुस्त होऊन आल्यापासून इंजिन मोकळं झालंय. त्याच सत्तरला वारा जास्त लागत होता, कारण आता ते सत्तरच होते. रोज मशीन तपासणारी मी, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मी नितेशला फोन लावला. रिंग वाजत राहिली. हेल्मेट डोक्यावर आणि फोन पँटच्या खिशात असणार. राजेशचा नंबर माझ्याकडे नव्हता. अंकलनी स्कूटर बाहेर काढली आणि म्हणाले, बस मागे. आंटी दारात झावळी हातात घेऊन उभी होती.

ही स्कूटर सगळ्या मरोळला माहीत आहे. अंकल तिच्यावर कधी चाळीसच्या वर गेले नाहीत, रिक्षावाले त्यांना शिव्या घालत पुढे जातात. त्या दिवशी त्यांनी मरोळ नाक्याचा सिग्नल लाल असताना ओलांडला. किती वेगाने चाललोय ते बघायला मी त्यांच्या खांद्यावरून वाकले, तर काटा शून्यावर पडलेला. मीटरवाल्याच्या स्वतःच्या स्कूटरचा मीटर बंद होता. कधी बंद पडला कोणास ठाऊक, त्यांना गरजच नसावी. मी मागे बसून फोन लावत होते आणि आकाशाकडे बघत होते. पोरांचा एक नियम होता, उजाडल्याशिवाय सुरू करायचं नाही. पवईच्या बाजूला आकाश राखाडी झालं होतं. साकीविहारच्या रस्त्यावर खांबांवरचे दिवे एकदम विझले तेव्हा मी अंकलच्या पाठीवर अक्षरशः मूठ मारली आणि म्हटलं, अजून जोरात. याच माणसाला मी अर्ध्या तासापूर्वी मनातून शिव्या घालत होते.

पुलाच्या अलीकडे बसस्टॉपवर सहा-सात गाड्या लागल्या होत्या. दोघे जण वळण घेऊन परत आले होते आणि त्यातला एक हसत नव्हता. नितेश गाडीवर बसलेला, हेल्मेट घातलेलं, इंजिन चालू. पुढचा नंबर त्याचा.

अंकलनी स्कूटर त्याच्या पुढच्या चाकासमोर आडवी घातली. त्यांना दम लागला होता. 'तुझा मीटर खरा आहे,' ते म्हणाले. 'ऐंशी लावू नको. तुझा खरा आहे.'

पोरं हसली. राजेश म्हणाला, 'अंकल, सकाळी सकाळी आणखी एक? चार गाड्या तपासल्यात आम्ही.'

'त्या आधीच्या. त्या खोट्याच आहेत, मीच केल्या. याचा खरा बांधलाय.'

नितेशने हेल्मेटची काच वर केली. लहानपणी खेळणं मोडलं की तो रडायच्या आधी जसा गप्प व्हायचा, तसा गप्प दिसत होता. 'दोन वर्षं तुम्ही मला खोटं दाखवलंत,' तो म्हणाला. 'मी शंभर शंभर करत गावभर सांगत फिरलो. आज तुम्ही खरं बोलताय हे मी कशावरून समजू?'

मी मध्ये पडले. राजेशला म्हटलं, तुझा फोन काढ, त्याच्या गाडीवर लाव, लगेच कळेल. राजेश फोन हँडलवरून सोडवायला लागला. स्क्रू घट्ट बसला होता. नितेशला माझं तिथे येणंच सहन झालं नसावं, दोस्तांसमोर बहीण धावत आलेली. तो अंकलना म्हणाला, 'एवढी खात्री आहे तर बसा मागे. ऐंशीला तुम्हीच बघा, सत्तर आहे की ऐंशी.'

मला वाटलं अंकल त्याच्या कानाखाली वाजवतील. त्यांनी स्कूटर बाजूला लावली, स्टँडवर नीट चढवली आणि नितेशच्या मागे जाऊन बसले. डोक्यावर हेल्मेट स्कूटरचंच होतं, पट्टा तुटलेलं. मी त्यांचा हात धरला. 'अंकल, उतरा.' ते म्हणाले, 'बाय, सोड,' आणि नितेशने गिअर टाकला. राजेशच्या हातात फोन नुकता मोकळा होऊन आला होता.

गाडीचा आवाज पुलावर चढला, दुसरा, तिसरा, चौथा गिअर मी मोजला, आणि मग पूल उतरताना आवाज एकदम बारीक झाला. वळण बसस्टॉपवरून दिसत नाही. जाऊन पुलाखालून वळसा घेऊन यायला चार मिनिटं लागतात, असं राजेश म्हणाला. मी घड्याळ बघत होते. चार झाली. पाच झाली. सहाव्या मिनिटाला मी पुलावर धावत सुटले. चपला कुठे सुटल्या ते मला माहीत नाही. आईला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी त्याला दारात अडवलं नाही हे तिला कसं सांगू.

पुलाच्या माथ्यावरून दिसलं ते असं. गाडी वळणाच्या पुढे कडेला तिरकी उभी. नितेश फूटपाथवर बसलेला, हेल्मेट मांडीवर. अंकल रस्त्यात उभे राहून बुटाने खडी कडेला सारत होते.

मी जाऊन नितेशच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्याने हात झटकला नाही.

'पुलावर काटा पंचाहत्तरला होता,' तो म्हणाला. 'अंकलचे दोन्ही हात माझ्या पोटावर. एवढे थरथरत होते ना ताई, की मला हँडल सरळ धरवेना. मी ब्रेक मारला. वळणात शिरलो तेव्हा काटा पंचावन्नला होता. तरी मागचं चाक खडीवरून सरकलं. अख्खं सरकलं. पंचावन्नला.'

'म्हणजे पटलं तुला त्यांचं?'

'पटलं वगैरे नाही,' तो म्हणाला. 'एवढा घाबरलेला माणूस मागे घेऊन मला गाडी मारता येईना, बस.'

राजेश गाडी घेऊन मागोमाग आला होता. त्याने फोन नितेशच्या हँडलला दोन रबरबँड लावून बांधला आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश एक फेरी मारून आला. काटा पन्नास, फोन पन्नास. तो उतरला. नितेशने एकदा मीटरकडे पाहिलं, एकदा वळणाकडे. मग खाली वाकून बराच वेळ बुटाशी खेळत राहिला.

अंकल माझ्याजवळ आले आणि म्हणाले, 'दिशा, अजून आठ आहेत.'

उपासाच्या दिवसांत त्यांनी नऊ मीटर खरे बांधले होते. उरलेले आठ जण त्या सकाळी मुंबईत कुठे कुठे काट्यातून दहा वजा करून फिरत असतील, ते देवालाच माहीत. बातमी तर सगळ्यांच्या फोनवर पोचली होती. नंबर अंकलकडे चौघांचेच, पत्ते मात्र वहीत सगळ्यांचे, आणि असं फोनवर सांगितलं तर कोण मानणार, असं तेच म्हणाले. त्या दिवशी त्यांचा मिस्सा चुकला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, आंटी नंतर म्हणाली. मी अनवाणीच स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही दारं वाजवत फिरलो. मरोळ, चकाला, कुर्ला रोड, एक पार मुलुंडला. प्रत्येक दारात अंकलना दोन गोष्टी सांगायच्या होत्या, आधीचा खोटा होता ही आणि आताचा खरा आहे ही. पोरं शिव्या द्यायची. मागे उभ्या आया पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायच्या. अंकलनी एकाही दारात त्या पोराच्या आईचं नाव घेतलं नाही. मीच माझ्या मनाने केलं, असं सांगायचे. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं, पण ते माझं सांगायचं नव्हतं.

शेवटचं दार आमचं. दुपारचा एक वाजला होता. नितेश आत पडून होता, आईला त्याने काय ते सगळं सांगितलेलं दिसत होतं. आई ओट्याला टेकून उभी राहिली, अंकलना बसा म्हणाली नाही.

'माका एक शब्द सांगूक काय झाला होता तुमका, कॉस्मसभाऊ?' ती म्हणाली. 'मीटर खरो केलंय म्हणान. मी झिलाक सांगितलंय असतंय, सावकाश चालव म्हणान.'

अंकल उंबऱ्याबाहेर उभे होते. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. 'वनमालाबाय,' ते म्हणाले, 'तेच सांगायला लागू नये म्हणून तर तू माझ्याकडे आली होतीस ना.'

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दमलेला माणूस बोलतो तसं ते बोलले. आईने माठातलं पाणी भरून तांब्या त्यांच्या हातात दिला, आणि आतल्या दाराशी जाऊन नितेशला हाक मारली. तो बाहेर आला, मान खाली घालून, आता आठ दिवस अबोला असं तोंड करून. आईने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

'माका भीती वाटता रे तुजी,' ती म्हणाली. 'तू भायर गेलंस काय तू येयपर्यंत माका जेवण जाणा नाय.'

नितेश तिच्याकडे बघतच राहिला. त्याने गाडी घेतल्याला दोन वर्षं झाली होती, आणि आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच कोणी बोललं होतं.